इनटेक बदलला आणि गाडी बिघडली: टर्बो हॅचबॅकवाल्यांसाठी तपासणीचा क्रम

पोलो जीटी टीएसआय, आय२० एन लाईन, अबार्थ पुंटो, अल्ट्रोझ रेसर. आपल्याकडे हॉट हॅच, म्हणजे छोटी पण वेगवान हॅचबॅक, म्हटलं की साधारण याच गाड्या डोळ्यांसमोर येतात. १०५ ते १४५ पीएसची छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं, आणि मालकाचा पहिला हात पडतो तो इनटेकवर, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या फिल्टर आणि पाइपावर. त्याचं कारणही उघड आहे. बसवायला तासभर लागतो, रीमॅपपेक्षा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा) खर्च कमी आणि पहिल्याच ॲक्सिलरेटरला टर्बोचा सुसाट आवाज ऐकू येतो. मग काही आठवड्यांत त्याच गाड्या परत गॅरेजला येतात. तक्रारही ठरलेली असते: "दादा, आवाज एकदम कडक आलाय, पण गाडीत दम राहिला नाही."

या गाड्यांवर हेच काम करत आलोय, म्हणून तपासणीचा क्रम लिहून ठेवतोय. फुकटातल्या गोष्टी आधी, पैसे लागणाऱ्या नंतर. नवीन इनटेक अजून घेतला नसेल, तर आधी शेवटचा भाग वाचा आणि मग दुकानदाराशी बोला.

लक्षणं

- बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनरवर बहुतेक वेळा पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०१०१ (हवा मोजणाऱ्या सेन्सरचं गणित जुळत नाही), पी०११३ (हवेच्या तापमानाचा सेन्सर) किंवा पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी) यांपैकी एखादा कोड सापडतो.
- सिग्नलला गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली होतो. क्लच दाबून थांबताना कधी कधी बंदही पडते.
- पाय दाबला की बारीक शिट्टी किंवा फुसफुस ऐकू येते, पाय काढला की थांबते. टर्बोच्या नेहमीच्या आवाजापेक्षा ती वेगळी असते, कान असलेल्याला कळतेच.
- सकाळी गाडी उडते, दुपारी ट्रॅफिकमधून निघाली की ओढत नाही.
- ॲव्हरेज पडलंय.
- बॉनेटखाली तेलाचा वास येतो, पाइपाच्या जोडाशी ओलसर काळपट डाग दिसतो.
- कसलीच तक्रार नाही, दिवा नाही, गाडी मस्त. पण फिल्टरच्या पुढचा पाइप आतून पुसला की कापड लाल-तपकिरी होतं.

सगळ्यात महाग पडतं ते यातलं शेवटचं. दिवा लागला की माणूस निदान गॅरेजला तरी येतो. धूळ आत जात असेल तर टर्बो घासला जाईपर्यंत गाडी काही म्हणजे काही सांगत नाही.

आधी हे माहीत करून घ्या: गाडी हवा कशी मोजते

याच्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काही गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो. आम्ही त्याला मॅफ म्हणतो. पाइपात एक तापवलेली बारीक फिल्म असते. हवा जाते तशी ती थंड होते आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती हवा आली ते ठरवतो. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत मॅफ नसतोच. इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब आणि तापमान मोजून ईसीयू हवेचा हिशोब करतो, ती मॅप सेन्सरवाली गाडी. आपल्या पोलोची १.२ टीएसआय आणि नंतर २०२० मध्ये आलेली १.० टीएसआय ही दोन्ही इंजिनं मॅपवाली. तुमच्या गाडीत काय आहे ते बघायला फिल्टर बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या पाइपावर चार-पाच तारांचा कनेक्टर असलेला सेन्सर आहे का ते पाहा.

याने फरक काय पडतो? मॅफवाल्या गाडीत सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या आधी कुठे फट राहिली तर न मोजलेली हवा आत जाते. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि दिवा लागतो. मॅपवाल्या गाडीत त्याच जागी तीच फट असेल तर मिश्रणाला काही होत नाही. मोजमाप मॅनिफोल्डमध्ये होतं, हवा कुठून का आली असेना. दिवा लागत नाही. पण त्या फटीतून येणारी हवा फिल्टरमधून गेलेली नसते. म्हणून मॅपवाल्या गाडीच्या मालकाने "लाईट नाही म्हणजे फिटिंग ओके" असं अजिबात धरून चालू नये.

फट टर्बोच्या नंतर असेल तर दोन्ही गाड्यांत बूस्ट गळतो आणि पी०२९९ येतो. मॅफवाली गाडी शिवाय काळा धूरही काढते, कारण मोजलेली हवा बाहेर सांडते आणि पेट्रोल मात्र पूर्ण जातं. इनटेक तर टर्बोच्या आधी बसतो, मग टर्बोनंतरची गळती आली कुठून? स्टॉक बॉक्स (कंपनीचा मूळ फिल्टर बॉक्स) काढताना शेजारचा होज (रबरी नळी) हलवला जातो आणि परत नीट बसवला जात नाही, तिथून.

१. डोळे, टॉर्च आणि हात (फुकट)

इंजिन थंड आणि बंद असताना बॉनेट उघडा. प्रत्येक कनेक्टर बोटाने ढकलून बघा. लॉक बसल्याचा टक आवाज यायला हवा. तापमानाचा सेन्सर जोडायचा राहून गेला तर स्कॅनर हवेचं तापमान उणे ४० अंश दाखवतो. ते पुण्यात होणं शक्य नाही, त्यामुळे तो बिघाड शोधायला दोन मिनिटं पुरतात.

मग जुबिली क्लिपा, म्हणजे नळी पाइपावर आवळणाऱ्या स्क्रूच्या पट्ट्या. पाइपाच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावरच बसवलेली क्लिप आज घट्ट वाटते आणि गरम-थंड होऊन आठवड्याभरात सरकते. सिलिकॉन होजवर साधी दात्यांची क्लिप फार आवळली तर ती होज कापते. बूस्टच्या बाजूला (टर्बोच्या नंतर) टी-बोल्टची क्लिपच वापरा.

आणि आता ती जागा, जी हमखास सुटते. ७० मिमीच्या पाइपावर ७६ मिमी तोंडाचा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर चढवलेला असतो, कारण दुकानात तोच होता. क्लिप आवळली की जास्तीचं रबर कुठेतरी जाणारच. खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, त्याची चुणी पडते. आगकाडी जाईल एवढी ती चुणी असते. वरून बघितलं तर फिटिंग झकास. त्या चुणीवरून बोट फिरवल्याशिवाय ती सापडत नाही, म्हणून फिल्टरचं तोंड पूर्ण गोल हाताने चाचपा, विशेषतः खालून. मापाचं रिड्यूसर (दोन वेगळी मापं जुळवणारा जोड) घाला, नाहीतर फिल्टर बदला. क्लिप आणखी आवळल्याने चुणी जात नाही, उलट ती पक्की होते.

२. कापड आणि ग्रीस (फुकटच)

फिल्टर काढा, पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळून पाइप आतून पुसा. तेलाचा पुसट थर आला तर चिंता नाही, इंजिनाची वाफ तिथूनच परत जाते. पण बोटाच्या चिमटीत ते कापड चोळल्यावर करकर लागली तर माती आत येतेय.

ती कुठून येते हे शोधायचं असेल तर ऑफरोडवाल्यांची जुनी युक्ती आहे. फिल्टरच्या लगेच पुढे, पाइपाच्या आतल्या बाजूला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. आठवडाभर गाडी चालवा आणि उघडून बघा. ज्या बाजूने धूळ येते त्या बाजूला ग्रीसवर तपकिरी रेघ उमटलेली असते. सगळीकडे सारखीच धूळ असेल तर फट नाही, फिल्टरच गाळत नाहीये. मॅफवाल्या गाडीत हा प्रयोग करू नका, सेन्सरवर ग्रीस गेलं तर नवीनच काम निघेल.

एवढा खटाटोप का? छोट्या टर्बोची चाकं मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतात. त्या वेगात वाळूचा कण पात्याच्या धारेला लागला की धार बोथट होते. पुढे तीच माती सिलेंडरच्या भिंती आणि रिंगा घासते. चाकणच्या एमआयडीसीतला रस्ता असो, मराठवाड्यातला एप्रिल असो की पावसाळ्यानंतर खडी उडवणारा कुठलाही घाट, आपल्याकडे धूळ कायमचीच आहे.

३. तेल लावलेला फिल्टर

धुऊन पुन्हा वापरायचे सुती फिल्टर तेल लावून चालवतात. ते तेल धूळ पकडतं. पण हौसेने बाटलीभर ओतलं की ते हवेबरोबर पुढे जातं आणि मॅफच्या फिल्मवर चिकटतं. सेन्सर मग हवा कमी सांगतो. पी०१०१, पी०१७१ आणि आळशी पिकअप ही त्याची खूण. मॅफ क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोच वापरा, सेन्सरला ब्रश किंवा इअरबड लावू नका. कार्ब क्लीनर तर मुळीच नको. पूर्ण सुकल्यावरच कनेक्टर लावा.

मॅपवाल्या गाडीत ही भानगड नाही. पण तिथेही फिल्टर सावलीत वाळवा. उन्हात टाकलेला किंवा कॉम्प्रेसरची हवा मारलेला सुती फिल्टर आतून विरतो आणि प्रकाशाला धरला की भोकं दिसतात.

४. स्टॉक बॉक्स परत लावा

हे कोणालाच करायचं नसतं. पण अर्ध्या तासात याच्याइतकं खात्रीचं उत्तर दुसरं काही देत नाही. मूळ बॉक्स, नवा साधा कागदी फिल्टर, कोड साफ, आणि त्याच रस्त्याने दोन-चार दिवस गाडी चालवा. तक्रार गेली तर दोष इनटेकमध्ये किंवा त्याच्या फिटिंगमध्ये आहे. तक्रार तशीच राहिली तर इनटेकचा काही संबंध नाही, कॉइल, प्लग, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोचा दाब सोडणारी झडप) किंवा बूस्टचा होज आधीच गेलेला होता आणि इनटेक बसवल्यावर तुमचं तिकडे लक्ष गेलं इतकंच.

म्हणूनच स्टॉक बॉक्स विकू नका. माळ्यावर ठेवा, फिल्टर क्लिपांसकट.

एक विनंती: दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढू नका. कोडबरोबर दिवा लागला त्या क्षणीची नोंदही पुसली जाते. आरपीएम किती होता, लोड किती होता, इंजिन गरम होतं की थंड, ते सगळं त्यात असतं. शोधणाऱ्याचा निम्मा वेळ त्या नोंदीनेच वाचतो.

५. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम बघा

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मोबाईलवर ॲप टाकलं की झालं. बघायच्या दोन गोष्टी: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ईसीयू ठरलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय ते त्यात दिसतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आगेमागे, पाच-सात टक्क्यांत असेल तर मिश्रण ठीक आहे.

इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलला आणि मग उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला आकडे बघा. मॅफवाल्या गाडीत आयडलला ट्रिम बराच वर आणि आरपीएम वाढवला की खाली येत असेल, तर कुठेतरी फट आहे. फटीतून येणारी हवा आयडलला एकूण हवेच्या मानाने मोठी असते, आरपीएम वाढला की तिचा वाटा घटतो. उलट, ट्रिम आयडलपासून वरपर्यंत सारखाच चढलेला असेल तर पाइपाचं माप चुकलंय.

मापाचा हिशोब सोपा आहे. मॅफ बसतो तो मूळ पाइप आतून ७० मिमीचा होता आणि नवीन ७६ मिमीचा आला, तर छेदाचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढलं. सेन्सरला जाणवतो तो हवेचा वेग. तेवढीच हवा रुंद पाइपातून हळू जाते आणि ईसीयूला ती साधारण १५ टक्के कमी वाटते. तो मग ट्रिम चढवत राहतो आणि मर्यादा संपली की दिवा लावतो. "मोठा पाइप, जास्त पॉवर" म्हणून विकलेला पाइप रीमॅपशिवाय लावला की हे व्हायचंच. व्हर्निअरने दोन्ही पाइप आतून मोजा. बाहेरून मोजून फसू नका, स्टॉक प्लास्टिकची आणि ॲल्युमिनियमची जाडी वेगळी असते. सेन्सरच्या आधी स्टॉक पाइपात जाळी होती का, तेही बघा. ती हवेचा गोंधळ शांत करते. नवीन पाइपात ती नसेल आणि सेन्सर वळणावरच बसवला असेल तर रीडिंग नाचतं.

मॅपवाल्या गाडीत ट्रिम बिघडलेले दिसले तर इनटेक पाइपाला दोष देत बसू नका. इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, ऑक्सिजन सेन्सर, कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह, तिकडे जा.

६. दुपारी मरणारी गाडी: उष्णता

उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूला बसवला की तो इंजिनाची गरम हवा ओढतो. ३५ अंशांची हवा ६५ अंशांवर गेली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. टर्बो ती कसर भरून काढायला जास्त फिरतो, बाहेर पडणारी हवा आणखी तापते, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) थकतो आणि ईसीयू नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो. चालवणाऱ्याला तीच गाडी मेल्यासारखी वाटते.

स्कॅनरवर हवेचं तापमान दिसतं, पण सेन्सर कुठे आहे ते आधी विचारा. टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याचा आणि मॅनिफोल्डमध्येच असतो. तिथला सेन्सर इंटरकूलर झाल्यानंतरचं तापमान सांगतो, फिल्टरच्या तोंडाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी फ्रिजला लावतात तो वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोनशेच्या आत-बाहेर मिळतो. प्रोब फिल्टरच्या तोंडाशी केबल टायने बांधा, वायर फिरणाऱ्या किंवा तापणाऱ्या भागाला लागू देऊ नका, डिस्प्ले केबिनमध्ये आणा. बाहेरचं तापमान आणि हे, यातला फरक बघत राहा. ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर फरक वाढणारच, स्टॉक बॉक्समध्येही वाढतो. गाडी पन्नास-साठच्या वेगाने पाच मिनिटं पळाल्यावरही तो वीस अंशांच्या खाली येत नसेल तर फिल्टरची जागा चुकली आहे.

हीट शील्ड म्हणून पत्र्याचा तुकडा उभा केलेला असतो, त्याचा उपयोग फारसा होत नाही. वरून बॉनेटला टेकणारी रबराची कड आणि समोरून थंड हवा आणणारी नळी असेल तरच ते शील्ड म्हणायचं.

७. स्मोक टेस्ट (गॅरेजचं काम)

इथपर्यंत उत्तर मिळालं नाही तर स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. पाइपात अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून निघतो तिथे फट. घरी कॉम्प्रेसर लावून हा प्रयोग करू नका. ब्रीदरच्या (इंजिनाची वाफ परत आणणाऱ्या) नळीतून तो दाब इंजिनाच्या पोटात जातो आणि ऑइल सील उचलू शकतो.

धूर बहुतेक वेळा ब्रीदरच्या जोडातून निघतो. स्टॉक पाइपावर इंजिनाची वाफ परत आणणाऱ्या नळीचं पक्कं क्विक कनेक्टर तोंड असतं. स्वस्त किटमध्ये त्याऐवजी नुसतं निपल असतं, त्यावर नळी ताणून चढवतात आणि केबल टाय मारतात. तेलाचा वास आणि ओलसर डाग इथलाच. काही जण ती नळी मोकळी सोडून तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावतात. तो तेलकट होतो, वास केबिनमध्ये येतो आणि प्रदूषणाच्या दृष्टीनेही ते चूक. जोड मूळ मापाचाच हवा.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर पुढचा प्रयोग करू नका, जाणत्या माणसाकडे जा.

इंजिनाचा दिवा लुकलुकतोय. म्हणजे मिसिंग चालू आहे आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातंय. तो तापून वितळला की खर्च इनटेकच्या कितीतरी पट होतो. गाडी बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. पुन्हा स्टार्टर मारू नका, एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून सिलेंडर तपासल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं.

चढावर पाय दाबल्यावर खडखड, म्हणजे नॉकिंग. निळा धूर. किंवा इनटेक काढून टॉर्च मारल्यावर टर्बोच्या पात्याची धार खरबरीत, पांढुरकी किंवा तुटलेली दिसली. पातं बोटाने हळूच हलवून बघा, इंजिन बंद असताना. बाजूला किंचित हलणं चालतं, पण केसिंगला घासता कामा नये. आत-बाहेर हललेलं जाणवलं तर तो टर्बो स्पेशालिस्टचा. इनटेक पाइप काढून इंजिन चालू करून "बघू कसा फिरतो" हे कोणी करत असेल तर त्याला आवरा. बोट जाईल किंवा नट आत जाईल.

स्टॉक बॉक्स लावूनही पी०२९९ येतोय, तर वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप), ॲक्च्युएटर, बूस्ट सोलेनॉइड अशी साखळी तपासावी लागते. त्याला कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो.

वॉरंटीत गाडी असेल तर पहिल्या मुद्द्यानंतरच थांबा, मूळ बॉक्स लावा आणि सर्व्हिस सेंटरला जा.

मग घ्यायचं काय

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. या इंजिनांत टॉर्क किती द्यायचा ते ईसीयू ठरवतो. फिल्टर मोकळा झाला तर तो वेस्टगेट थोडा जास्त उघडतो आणि टॉर्क तेवढाच ठेवतो. स्टॉक मॅपवर (म्हणजे ईसीयूच्या मूळ सॉफ्टवेअरवर, याचा मॅप सेन्सरशी संबंध नाही) तुम्हाला मिळतो तो आवाज, आणि फार तर टर्बो जरा लवकर जागा होतो. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पाइपाच्या रिकाम्या निपलला जोडून पूर्ण थ्रॉटलला बॉक्स किती दाब खातो ते पाण्याच्या फरकावरून मोजता येतं, पण नळीचा लूप दोन्ही बाजूंनी मीटरभर उंच हवा, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. म्हणून ते गॅरेजमध्येच करा. १० सेंटीमीटर फरक म्हणजे सुमारे १ किलोपास्कल. बॉक्स ३० सेंटीमीटर खात असेल तरी ते वातावरणाच्या दाबाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. मुंबईहून पुण्याला ५६० मीटर वर आलात की हवेचा दाब याच्या दुप्पट पडतो, आणि तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

त्यामुळे स्टॉक मॅप असलेल्या गाडीला माझं उत्तर एकच असतं: मूळ बॉक्स ठेवा, त्यात चांगला पॅनेल (बॉक्समध्ये बसणारा सपाट) फिल्टर घाला, बॉक्सच्या तोंडाची नळी साफ करा. तिथे पालापाचोळा आणि कधी कधी उंदराचं घरटं सापडतं. स्टेज १ रीमॅप (बाकी पार्ट न बदलता केलेला) असेल तरी बहुतेकांना हे पुरतं. टर्बो मोठा केलाय किंवा रीमॅप करणारा स्वतः इनटेकची अट घालतोय, तेव्हाच पूर्ण किट. तेही बंद बॉक्सचं, समोरून हवा घेणारं.

बंपरच्या खाली, फॉगलॅम्पमागे फिल्टर नेणारं किट आपल्या पावसात नकोच. जूनमध्ये हिंदमाताला किंवा सिंहगड रस्त्याला एकदा पाणी साचलं की तो फिल्टर थेट पाण्यात बुडतो. फिल्टरवर चढवायचा मोजा उडणाऱ्या पाण्याला अडवतो, बुडण्याला नाही.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ बॉक्समधला फिल्टर हा सर्व्हिसचा पार्ट आहे. पूर्ण किटवर आक्षेप निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

दुकानात विचारायचं ते असं. किट माझ्याच इंजिन कोडचं आहे का, नुसतं "पोलोला बसतं" नको. उजव्या हाताच्या स्टीअरिंगसाठी बनवलंय का, नाहीतर पाइप ब्रेकच्या बूस्टरला किंवा वायरिंगला घासतो. ब्रीदरचं तोंड मूळ मापाचं आहे का. मॅफ असेल तर सेन्सरच्या जागचा आतला व्यास मूळइतकाच आहे का. फिल्टरची आयएसओ ५०११ प्रमाणे केलेली चाचणी कंपनी छापते का, आणि त्यात किती टक्के धूळ अडवली ते लिहिलंय का. फक्त "किती टक्के जास्त हवा" लिहिलेल्या डब्याला हात लावू नका. नामवंत ब्रँडची हुबेहूब नक्कल बाजारात भरपूर आहे, रबराला उग्र वास आणि शिवणीला सुटलेले धागे दिसले की परत द्या.

आणि बदली फिल्टरचा पार्ट नंबर बिलावरच लिहून घ्या. वर्षभराने तो लागतो, आणि तेव्हा "मिळेल तो कोन" चढवला की पाइपाखाली पुन्हा तीच चुणी पडते.